मृत साठा

मिस्त्रीच्या बायकोने मक्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला आणि तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा थोडा वेळ तिथेच ठेवला. मग बाहेर काढून ती सासऱ्याला म्हणाली, "मामा, आत कढत लागतंय."

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, पण खात्री स्वतःच्या हाताने केली. दोन दाणे काढून दाढेखाली धरले. वाळलेला दाणा कट्‌कन मोडतो. हा नुसता दबला. म्हाताऱ्याने तो थुंकला आणि फावडं उचललं. दोघं समोरासमोर उभी राहिली आणि आतला मका वर, वरचा मका आत करू लागली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं.

ऐन कापणीत झड लागली होती. धो धो पाऊस नाही, नुसती रिपरिप, आणि त्यात आठ दिवस उन्हाचं दर्शन नाही. ओला मका घरात ठेवता येत नाही आणि अंगणात वाळत घालता येत नाही. सगळ्यांनी तो शेतकऱ्यांच्या सहकारी संघाच्या पत्र्याच्या शेडखाली आणून टाकला होता. साठ घरांचे साठ ढीग, मधून एका माणसापुरती वाट. शेडला लागून मनोरा उभा होता. मनोरा म्हणजे संघाचं मका वाळवायचं यंत्र. खाली खड्ड्यात ओला मका ओतायचा, बादल्यांचा पट्टा तो वर नेतो, वरून खाली येताना त्यातून गरम हवा जाते आणि दुसऱ्या तोंडाने वाळलेला मका पोत्यात पडतो. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि बावीस वर्षं तो चालवणारा माणूस एकच होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. बायकोसुद्धा चिडली की मिस्त्रीच म्हणायची.

मंगळवारी सकाळी मनोरा बंद पडला. मिस्त्रीने कंट्रोलरचं कपाट उघडलं तसा जळका वास नाकात घुसला. कपाटात पुस्तकांसारखी सात हिरवी कार्डं ओळीने खोचलेली होती. मोटारींना आणि बर्नरला चालू हो, बंद हो असं सांगणारं सहावं कार्ड करपलं होतं. मिस्त्रीने ते दोन्ही कानांना धरून अलगद ओढलं, वास घेतला, पुसलं आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "घाबरायचं काम नाही. दोन जादा आहेत भांडारात. तासाभरात चालू करतो."

तो इतक्या शांतपणे म्हणाला, त्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी कंपनीचं पत्र आलं होतं, की हा कंट्रोलर आम्ही बनवायचा बंद करतो आहोत, लागतील ते सुटे भाग आत्ताच मागवून ठेवा, पुढे मिळणार नाहीत. तेव्हाचे व्यवस्थापक म्हणाले होते, चालू आहे ना, मग कशाला. मिस्त्री महिनाभर त्यांच्या दारात बसला. चार कार्डं मागितली होती, दोन मिळाली. ती त्याने काळ्या पिशवीत, पिशवी खोक्यात आणि खोकं भांडाराच्या तिसऱ्या फळीवर ठेवलं होतं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, हात लावू नये.

तिसरी फळी मोकळी होती. नुसती मोकळी नाही, पांढऱ्या रंगाने रंगवलेली. भिंतीवर काचेत प्रमाणपत्र होतं. स्वच्छ भांडार, प्रथम क्रमांक.

"भाऊसाहेब, इथलं खोकं कुठंय?" मिस्त्रीने भांडाराच्या कारकुनाला विचारलं.

"कुठलं?"

"हात लावू नये लिहिलेलं."

"हां, ते होय. ते गेलं की गेल्या वर्षी. मृत साठ्यात."

"मृत म्हणजे?"

"पाच वर्षांत ज्याची मागणी आली नाही, तो मृत साठा. साहेबांचा नियम आहे. सगळं वजनावर काढलं. ट्रकभर निघालं, काय सांगू तुम्हाला! तेव्हापासून बघा, कसा वारा खेळतो."

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याला सांगितलं ते त्याने केलं होतं. पण या नियमाला काय म्हणावं? जादा सुटा भाग हा पडून राहण्यासाठीच असतो. तो पडून आहे म्हणजे आपलं बरं चाललं आहे. घरात आजारी कोणी नाही म्हणून कोणी औषधाचा डबा उकिरड्यावर टाकतं का? पण दीड वर्षांपूर्वी आलेल्या नव्या व्यवस्थापकांनी तो टाकला, त्याचा फोटो काढला आणि त्याचं बक्षीस घेतलं.

"मला न विचारता?" मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

कारकुनाने कपाटातून यादी काढली. बावीस पानं. सोळाव्या पानावर ओळ होती. पाट्या, हिरव्या, जुन्या, नग दोन. आणि शेवटच्या पानावर मिस्त्रीची सही होती.

त्याला आठवलं. पाळी संपली होती, हात ग्रीसने बरबटलेले होते, कारकून सायकलपाशी यादी घेऊन आला होता. करा सही, साहेब थांबलेत. त्याने बोटं पँटला पुसून सायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली होती. बावीस पानं कोण वाचतं? पण वाचायला हवी होती. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथे गेल्यावर तिला जायला जागा राहिली नाही, कारण अर्धी आग स्वतःवरच होती.

व्यवस्थापकांनी मात्र डोकं शांत ठेवलं. त्यांनी मिस्त्रीला समोर उभं ठेवून कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून मोठ्याने लावला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, की ते उत्पादन आता सेवेत नाही. आपण संपूर्ण नवीन प्रणाली घ्यावी. पाहणीला माणूस येईल, मग आराखडा, मग आठ महिने.

"मक्याला सांगू का आठ महिने दम धर म्हणून?" मिस्त्री फोनकडे तोंड करून म्हणाला.

मुलीने आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलं. व्यवस्थापकांनी फोन ठेवला. "मिस्त्री, भाषा सांभाळा. आणि हे बघा, यादीवर सही तुमची आहे. तेव्हा भाग शोधायची जबाबदारीही नैतिकदृष्ट्या तुमचीच."

नैतिकदृष्ट्या हा शब्द या माणसाच्या तोंडी ऐकून शेडमधल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने मिस्त्री शहरात गेला. जळालेलं कार्ड त्याने जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरलं होतं. जाताना बायको एवढंच म्हणाली, "अहो, तीन दिवस दम काढते. मामांची कंबर गेलीय. चौथ्या दिवसाचं मी काही सांगत नाही."

भंगारवाल्याच्या आवारात लोखंडाचे डोंगर होते. त्याला संघाचा ट्रक चांगला आठवत होता. "तुमच्याकडचा माल झकास होता हो. कोरे करकरीत बेअरिंग होते, पॅकबंद! आम्हालाच वाईट वाटलं." त्या बेअरिंगसाठी गेल्या हंगामात मिस्त्रीने आठवडाभर वाट पाहिली होती. "पण हिरव्या पाट्या आम्ही ठेवत नाही," भंगारवाला म्हणाला. "त्या पोत्याने मागच्या गल्लीत जातात. तिथे फोडतात."

मागची गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना ओट्यांवर बाया बसल्या होत्या. एकीच्या हातात पक्कड, दुसरीच्या हातात हातोडी, पुढ्यात हिरव्या पाट्यांचा ढीग. तांबं एका घमेल्यात, चकाकणारे पाय दुसऱ्यात. तिसऱ्या बाईपुढे तसराळ्यात कसलंसं पाणी होतं, त्याचा वास डोळ्यांना झोंबत होता आणि तिच्या बोटांची कातडी सोलली होती. मिस्त्री घरोघर टॉवेल उलगडून कार्ड दाखवत फिरला. बाया हसल्या. असली रोज शंभर येतात दादा, कुठलं म्हणून सांगायचं?

शेवटच्या ओट्यावरच्या म्हातारीने मात्र पक्कड खाली ठेवली. "पिशवीत बंद होतं का?"

"हो, काळ्या पिशवीत. दोन होती."

"बंद पिशवीतलं आम्ही फोडत नाही. दर शनिवारी चष्मेवाला येतो, तो तेवढंच निवडून नेतो. हसतच नेतो मेला. चौकात यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं, काचेचं."

काचेच्या दुकानात गारवा होता. मिस्त्रीच्या अंगावरच्या ओल्या कपड्यांना तो बोचला. चष्मेवाल्याने जळालेलं कार्ड हातात घेतलं, नंबर वाचला आणि तो आत गेला. आत छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर हजारो खोकी, एकेकाला चिठ्ठी. मिस्त्रीने आयुष्यात इतकं नेटकं भांडार पाहिलं नव्हतं, आणि इथे प्रमाणपत्र कुठे लावलेलं नव्हतं.

चष्मेवाल्याने नव्या प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड काउंटरवर ठेवलं. मिस्त्रीने ते उलटं केलं. कडेला बारीक अक्षरात तारीख होती आणि तपासले असं लिहिलं होतं. अक्षर त्याचंच होतं.

"हे आमचं आहे," तो म्हणाला.

"होतं," चष्मेवाला शांतपणे म्हणाला. "दुसरं मागच्या महिन्यात एका सिमेंटच्या कारखान्याला गेलं. हे शेवटचं. मी चार ठिकाणी विचारून पाहिलंय, आता कुठेच नाही."

मग त्याने किंमत सांगितली. मिस्त्रीने कार्ड खाली ठेवलं. त्या किमतीत मिस्त्रीच्या ढिगासारखे तीन ढीग आले असते. आणि संघाने ते विकलं होतं लोखंडाच्या भावाने, तराजूवर, नटबोल्टांबरोबर.

"लाज वाटत नाही तुम्हाला?" मिस्त्री म्हणाला.

"मला?" चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. त्याचा आवाज पहिल्यांदाच तापला. "मिस्त्री, मी फेकत नाही, मी उचलतो. ती म्हातारी ते कार्ड पकडीने फोडणार होती. मी दर शनिवारी त्या घाणीत बसून निवडतो. लाज फेकणाऱ्याला विचारा."

चष्मेवाल्याने चहा मागवला. मग कार्ड जोडून, दिवे लावून, सगळं चालतंय हे दाखवलं. चार दिवस दुसऱ्या कोणाला देणार नाही, असा शब्दही दिला. मिस्त्री निघाला तसा तो म्हणाला, "थांबा. तुमच्या साहेबांना तीन दरपत्रकं लागतील."

"एकच कार्ड शिल्लक आहे म्हणता, मग तीन कुठून?"

चष्मेवाल्याने खण उघडला. त्यात तीन दुकानांचे छापील कागद होते. एक त्याचं, एक त्याच्या मेहुण्याचं आणि एका दुकानाचा मालक तर वारला होता. त्याने तिन्हींवर वेगवेगळ्या शाईने वेगवेगळे दर लिहिले, स्वतःचा सर्वांत कमी. "सगळेच मागतात," तो म्हणाला. "मी तरी काय करू?"

मिस्त्री परतला तेव्हा दुपार कलली होती. शेडपाशी एक ट्रक उभा होता आणि त्याच्या आडोशाला मक्याचा व्यापारी छत्री धरून उभा होता. मिस्त्रीने आपल्या ढिगाकडे पाहिलं आणि तो जागीच थांबला. ढीग निम्मा झाला होता.

म्हातारा फावड्याला टेकून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"मी भाजी निवडायला घरी गेले होते हो, तासभरच," बायको म्हणाली. तिच्या हाताच्या फोडांतून पाणी येत होतं. "तेवढ्यात यांनी देऊन टाकला. निम्मा. कितीला, ते विचारू नका."

"वाफ निघत होती त्याच्यातून," म्हातारा म्हणाला. "माझ्याच्याने पालटवेना. तो म्हणाला, उद्या फुकटसुद्धा नेणार नाही. शेजारच्यांनी दिला, पलीकडच्यांनी दिला. मी काय करायचं होतं? बसून कुजताना बघू?"

मिस्त्रीने शेडभर नजर फिरवली. काही घरांनी असाच निम्मा, तर वीस घरांनी सगळाच मका दिला होता. व्यापाऱ्याने तो शेडच्याच एका कोपऱ्यात पसरून ठेवला होता, चार मजूर लावून पालटत होता. त्याला घाई नव्हती. मनोरा एक दिवस चालू होणार हे त्याला ठाऊक होतं. व्यवस्थापकांच्या खोलीत त्याचा चहाही ठरलेला होता.

व्यवस्थापकांनी तिन्ही दरपत्रकं निरखून पाहिली आणि ते मनापासून खूश झाले. "वा! अगदी व्यवस्थित. असं काम पाहिजे." त्यांनी ती फायलीत लावली, भोकं पाडली, दोरी ओवली. "आता समितीपुढे ठेवतो."

"समिती कधी?"

"दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी."

"साहेब, आज दहा तारीख."

"नियम मी केलेला नाही, मिस्त्री. एवढ्या रकमेची खरेदी माझ्या अधिकारात येत नाही. विकणं येतं, घेणं येत नाही."

हे वाक्य ते हसून बोलले. विनोद केल्यासारखं. मिस्त्री खाली मान घालून उभा राहिला, कारण यादीवरची सही त्याच्या मानेवर बसली होती. पण दार सताड उघडं होतं आणि दाराबाहेर त्याची बायको उभी होती. ती गेली, घमेलं घेऊन ढिगापाशी गेली, ढिगाच्या पोटातला मका त्यात भरला आणि तशीच चिखलाच्या पायांनी आत आली. तिने घमेलं फायलीवर ठेवलं. मक्यातून वाफ निघत होती आणि आंबूस वास खोलीभर पसरला.

"हात घाला," ती म्हणाली.

"बाई, हे काय चाललंय?"

"हात घाला म्हणते ना! एकदा घाला. मंगळवारपासून मी घालतेय. तुमच्या पहिल्या सोमवारपर्यंत याला कोंब फुटतील, मग काळा पडेल, मग गुरंसुद्धा तोंड लावणार नाहीत. आमची वर्षाची मेहनत आहे ही. घाला हात!"

व्यवस्थापकांनी खुर्ची मागे सरकवली. हात घातला नाही. तोवर दारात आणखी बाया जमल्या होत्या, कोणाच्या ओच्यात मका, कोणाच्या सुपात. व्यवस्थापक घाईने म्हणाले, "हे बघा, तुम्ही वर्गणी काढून कार्ड आणलंत तर माझी हरकत नाही. पण संघ पावती देणार नाही. नोंद करणार नाही. तसा नियमच नाही."

"नको तुमची नोंद," मिस्त्रीची बायको म्हणाली आणि घमेलं उचलून बाहेर गेली. फायलीवर ओला गोल उमटला होता.

चाळीस घरांनी वर्गणी काढली. त्यांतल्या ज्यांनी निम्मा मका विकला होता, त्यांनीही व्यापाऱ्याकडून आलेल्यातला वाटा घातला. कोणी किती दिले ते कोणी विचारलं नाही. मिस्त्रीने पुन्हा पहिली बस धरली आणि दुपारी तो कार्ड शर्टाच्या आत, पोटाशी धरून आला. गावातली सगळी माणसं कंट्रोलरच्या कपाटापाशी जमली होती. त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. वीज बंद करून कार्ड खोबणीत बसवलं, अंगठ्याने हळू दाबलं. मग वीज दिली. हिरवा दिवा लागला. बादल्यांचा पट्टा खडखडत वर निघाला, बर्नरने धाप टाकली आणि मनोऱ्याच्या अंगातून ओळखीची घरघर सुरू झाली. बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढून ओरडली, "बघत काय उभे राहिलात? पोती धरा!"

पहिला ढीग खड्ड्यात पडतोय तोच व्यवस्थापक छत्री घेऊन आले. त्यांच्यामागे व्यापारी होता. "मिस्त्री, जरा थांबवा. आधी यांचा माल घ्या. जास्त माल आहे, एका दमात होईल. मनोऱ्याची कार्यक्षमताही चांगली दिसते."

मिस्त्रीने ऐकू न आल्यासारखं केलं. व्यवस्थापकांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा तो वळला. मंगळवारपासून पहिल्यांदा त्याने या माणसाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"ज्यांचं कार्ड, त्यांचा मका आधी. यांचा शेवटी."

"तुम्ही संघाचे नोकर आहात."

"आहे. म्हणून तर चालवतोय."

बाया हसल्या. व्यापारीही गालातल्या गालात हसला आणि त्याने आपल्या मजुरांना पालटत राहायला सांगितलं. व्यवस्थापक हसले नाहीत.

तीन दिवस मनोरा चालला. कोणाचा मका आधी असली भांडणं झाली नाहीत. ज्याचा ढीग जास्त तापलेला, त्याचा आधी, आणि ते ठरवायला मिस्त्रीच्या बायकोचा हात होता. तिचा स्वतःचा ढीग विसाव्या क्रमांकावर आला. त्यातला तळचा मका काळा पडला होता, तो तिने वेगळा काढून टाकला आणि उरलेल्याची मोजकी पोती भरली. म्हाताऱ्याने वाळलेला दाणा दाढेखाली धरला. कट्‌कन आवाज झाला, तेव्हा तो हसला. मंगळवारपासून पहिल्यांदाच.

चौथ्या दिवशी सकाळी गावाचा शेवटचा ढीग संपला. व्यापाऱ्याच्या मजुरांनी त्याचा मका खड्ड्यात ओतायला सुरुवात केली. मिस्त्रीने त्यांना अडवलं नाही. शेवटी म्हणजे शेवटी, त्याची पाळी आली होती. बर्नर लागला होता, पट्टा चालू होता. इतक्यात भांडाराचा कारकून कागद घेऊन आला. त्याने कागद दिला आणि तो जमिनीकडे बघत उभा राहिला.

मिस्त्रीने या वेळी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. वरिष्ठांची आज्ञा मोडल्याबद्दल आणि संघाच्या यंत्रात नोंद नसलेला अनधिकृत भाग बसवल्याबद्दल आपणांस आजपासून निलंबित करण्यात येत आहे. भांडाराच्या झालेल्या नुकसानीची चौकशी होईल. सदर अनधिकृत भाग आपण तत्काळ काढून घ्यावा, अन्यथा पुढील परिणामांस आपण जबाबदार राहाल.

ही शेवटची ओळ व्यवस्थापकांनी कुठल्यातरी जुन्या पत्रातून जशीच्या तशी उतरवली असणार. मनोरा आता चालू झाला आहे, बटण दाबायला कारकूनही चालेल, असा त्यांचा हिशोब होता. आपण काय लिहिलं आहे हे त्यांनी वाचलं नव्हतं.

बावीस वर्षं. एक क्षण त्याला वाटलं, पत्र फाडून त्या माणसाच्या तोंडावर फेकावं. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं. बर्नर विझवला, पट्टा रिकामा होईपर्यंत थांबला, मग वीज बंद केली. कपाट उघडलं. सहाव्या कार्डाचे दोन्ही कान धरून ते अलगद ओढलं, काळ्या पिशवीत घातलं आणि पिशवी शर्टाच्या आत ठेवली.

मनोरा गप्प झाला तसे व्यवस्थापक धावत आले. "काय केलंत? काय केलंत हे?"

"अनधिकृत भाग काढून घेतला. तत्काळ."

"अहो, तसं म्हणायचं नव्हतं!"

"लिहिलंय तसंच."

व्यापारी पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्याच्यामागे वीसहून जास्त घरांचा मका पसरला होता, निम्मा खड्ड्यात, निम्मा शेडमध्ये, आणि मजूर फावडी टेकून उभे होते. "मिस्त्री, बोला, किती पाहिजेत? कार्ड मी घेतो."

"ते माझं नाही. चाळीस घरांचं आहे. जा, चाळीस दारं फिरा, विचारा."

"एवढा माल सडेल हो!"

"माझ्या बापाला तुम्ही हेच सांगितलं होतं," मिस्त्री म्हणाला, "आणि भाव पाडला होता."

बायको पोत्यावर बसून हे ऐकत होती. ती उठली, तिने फावडं खांद्यावर घेतलं आणि नवऱ्याच्या बरोबरीने चालू लागली. व्यवस्थापक मागून काहीतरी बोलत होते, आधी दरडावून, मग अहो मिस्त्री, अहो ऐका तर, असं. चाळीस घरांपैकी एकाही माणसाने वळून पाहिलं नाही. आपापली पोती ते बैलगाड्यांत चढवत होते.

म्हातारा मात्र मागे राहिला. तो व्यापाऱ्याच्या ढिगापाशी गेला, वाकला आणि त्याने हात आत घातला. कोपरापर्यंत. तिथेच तो बराच वेळ वाकून उभा राहिला. मिस्त्रीने हाक मारली, तेव्हा मूठ बाहेर काढून तो आला. मुठीत ओलसर दाणे होते, गरम, काहींना पांढरं टोक फुटलेलं. त्यांत स्वतःचे किती आणि दुसऱ्याचे किती, हे त्याला सांगता आलं नसतं.

तिघं घराच्या वाटेला लागली. रिपरिप थांबली नव्हती. चालता चालता म्हातारा म्हणाला, "बरं केलंस. दुसरा कोणी असता तर त्याने साहेबाचे पाय धरले असते."

मिस्त्रीने शर्टातली पिशवी सारखी केली.

"बरंच केलंस," म्हातारा पुन्हा म्हणाला आणि त्याने सुनेकडे पाहिलं. "पण आज माझं ताट वाढू नकोस. मला जेवण जायचं नाही."